५५ इंची ४के टीव्हीचा रिव्ह्यू: तोत्याचा हिरवा रंग बघून भुलू नका

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतात. टीव्ही चांगला आहे, पाचपैकी चार. पण खोक्यातून काढला, भिंतीवर टांगला आणि तसाच बघत बसलात तर दोनच, तेही पॅनलकडे बघून. उरलेले दोन स्टार सेटिंगच्या मेनूत पुरून ठेवलेत आणि ते कुणी सांगत नाही, ना दुकानवाला ना लावायला आलेला मुलगा, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

५५ इंच, ४के, साधा एलईडी, व्हीए पॅनल (पडद्याचा एक प्रकार), ६० हर्ट्झ (म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं), किंमत ४५ ते ५० हजारांच्या मधली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली जे रडगाणं आहे ते या किमतीतल्या जवळजवळ प्रत्येक टीव्हीत निघतं. भावाकडे, शेजाऱ्यांकडे, माहेरी, जिथे गेले तिथे रिमोट हातात घेऊन मेनू उघडून बघितलाय, लोक वैतागलेत आता माझ्यावर, चहा देतात आणि रिमोट लपवतात.

आमच्याकडे, म्हणजे इंदूरला राजेंद्र नगरात, टीव्ही तीन कामांसाठी चालतो. माझ्या वेब सिरीज, सासूबाईंच्या मराठी सिरीयली आणि नवऱ्याचं क्रिकेट. क्रिकेटसाठी कुठलाही टीव्ही चालतो, हिरवळ हिरवी आणि बॉल दिसला की झालं. हा रिव्ह्यू आम्हा दोघी बायकांच्या बाजूने आहे. चांगल्या सिरीयलमध्ये खूपशी गोष्ट कुणी तोंडाने बोलतच नाही, भिंतीचा रंग, कोण कुठल्या खुर्चीत बसलंय, शर्ट किती धुतलेला दिसतोय, उजेड खिडकीतून येतोय का बल्बचा, हे सगळं कुणीतरी डोकं लावून ठरवलेलं असतं, त्यासाठी वेगळी माणसं असतात, पगार घेतात. आणि टीव्ही जर तेच पुसून टाकत असेल तर तो कितीही स्मार्ट असो, मला त्याचा काय उपयोग.

आता दुकान. जेल रोडच्या बाजूला एका दुकानात गेलो, भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर तेच, कापलेलं कलिंगड, फुलपाखरू, समुद्र, तोता. विकणारा मुलगा नवऱ्याला म्हणाला, "भिया, तोते का हरा देखो आप, असली तोता फेल है इसके आगे." आणि खरंच असली तोता फेल होता, तोच तर प्रॉब्लेम! मी म्हटलं जरा एखादी सिरीयल लावून दाखवा, माणसांचे चेहरे दाखवा, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी फ्रिज उघडून भाजी मागितली. मग म्हणे, "मैडम अपने को तो यही लूप चलाने का बोला है." त्याचा दोष नाही. दुकानात इतके दिवे असतात की टीव्ही भडक केल्याशिवाय नजरेत भरतच नाही, म्हणून कंपन्या डेमोला व्हिव्हिड नाहीतर डायनॅमिक मोड लावून ठेवतात, ब्राइटनेस फुल्ल, रंग फुल्ल, पांढरा रंग निळसर. पण ज्या गावात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेनसारखे चित्रकार रंग शिकले, त्या गावात आता रंग म्हणजे जितका भडक तितका भारी असं म्हणून विकला जातो, हे काही मला झेपत नाही. असो.

घरी आल्यावर पहिल्या रात्री 'पंचायत' ही वेब सिरीज लावली. ही मी मुद्दाम निवडली कारण त्यातला उजेड माझ्या ओळखीचा आहे. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या बलियाकडच्या फुलेरा गावची, पण शूटिंग झालंय आपल्या मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात, भोपाळला जाताना आष्टा सोडलं की जो पट्टा लागतो तिकडे. दुपारी तिथली भिंत कशी दिसते, धूळ कुठल्या रंगाची असते हे आम्ही गाडीच्या काचेतून शंभरदा बघितलंय. आणि टीव्हीवर ते गाव दिसत होतं केरळसारखं! झाडं पोपटी, आकाश पोस्टरसारखं निळं, पंचायत ऑफिसची भिंत अशी की कालच रंग मारलाय.

आता कुणी म्हणेल, मग काय बिघडलं, छान तर दिसतंय. बिघडतं असं की ती भिंत ताजी दिसली की गोष्टच बदलते. अभिषेक त्रिपाठी नावाचा इंजिनियर झालेला शहरी मुलगा, नाइलाजाने पंचायत सचिव होऊन त्या ऑफिसच्याच एका खोलीत राहायला येतो, तिथेच झोपतो, तिथेच रात्री कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करतो. तो कंटाळलाय, अडकलाय, हे तो फार वेळा बोलून दाखवत नाही. ते त्या मळकट भिंती, जुनं टेबल, फायलींचे गठ्ठे सांगतात. खोली चकचकीत झाली तर हा मुलगा उगाच तोंड पाडून बसलेला, नखरेल वाटायला लागतो. म्हणजे बघा, ॲक्टिंग तीच, डायलॉग तेच, फक्त टीव्हीने भिंत रंगवली आणि माणसाचा स्वभाव बदलला.

त्या सिरीजमध्ये वस्तूंचा वापर इतका मस्त आहे की त्यावरूनच टीव्ही तपासावा. पहिल्या सीझनमधली ती चाकांची खुर्ची आठवते? अख्खा एक भाग तिच्यावर आहे. गावात बाकी सगळे बसतात बाजेवर नाहीतर प्लास्टिकच्या खुर्चीत, आणि त्यात ही काळी, गोल फिरणारी, शहरातल्या ऑफिसातली. कुणाचा मान किती हे बोलायची गरजच उरत नाही, कोण बसलं आणि कोण उभं राहिलं त्यात सगळं येतं. आणि दुसरीकडे मंजू देवी, कागदावर प्रधान त्या, पण कॅमेरा त्यांना बराच काळ घरात, अंगणात, स्वयंपाकात दाखवतो आणि पंचायतीच्या कामात दिसतात त्यांचे यजमान (रघुवीर यादव). मग सीझनच्या शेवटी २६ जानेवारीला त्या झेंड्यापाशी येऊन उभ्या राहतात तेव्हा त्यांची जागा बदलली हे डोळ्यांना आधी कळतं. यातलं काहीही ठळक करून, गोल काढून दाखवलेलं नाही. सगळं सौम्य आहे, म्हणून तर भडक मोडमध्ये ते बुडून जातं, कारण तिथे मागचं लिंबाचं झाड पुढच्या माणसापेक्षा जास्त ओरडत असतं.

तर काय केलं, पिक्चर मोड बदलला. या टीव्हीत फिल्ममेकर मोड आहे. यूएचडी अलायन्स म्हणून कंपन्यांची आणि स्टुडिओंची एक संघटना आहे, त्यांनी २०१९ मध्ये हा प्रकार जाहीर केला, कल्पना एवढीच की एक बटण दाबलं की टीव्ही आपली सगळी हुशारी बंद करेल आणि जसं बनवलंय तसं दाखवेल. ज्यांच्या टीव्हीत तो नाही त्यांनी सिनेमा किंवा मूव्ही मोड लावा आणि कलर टेम्परेचर (पांढरा रंग निळसर दिसावा की पिवळसर, ते ठरवणारं सेटिंग) वॉर्म करा. आता यात एक गंमत आहे, लावल्या लावल्या सगळ्यांना वाटतं टीव्हीला कावीळ झाली. नवरा म्हणाला हे काय पिवळं पिवळं, बदल. पण पिवळं नाहीये ते. सिरीयल बनवणारे ज्या मॉनिटरवर रंग ठरवतात त्याचा पांढरा रंग साधारण ६५०० केल्व्हिनला बांधलेला असतो, आणि आपण वर्षानुवर्षं निळसर पांढरा बघून बघून त्यालाच पांढरा समजायला लागलोय. दोन-चार संध्याकाळी दम धरा. नंतर परत व्हिव्हिड लावून बघा, डोळे मिटून घ्याल.

रंगाची खरी परीक्षा मी 'ब्रेकिंग बॅड'वर घेतली. आमचा भाचा नाइलाजाने माझ्यासोबत ती परत बघत बसला. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधला केमिस्ट्रीचा एक साधा मास्तर, वॉल्टर व्हाइट, ड्रग्ज बनवायला लागतो. तर सुरुवातीला हा माणूस कपड्यांतून जवळजवळ दिसतच नाही, बेज, खाकी, फिकट, मागच्या भिंतीत मिसळून जाईल असे रंग. मग हळूहळू हिरवा येतो, मग गडद, मग ती काळी टोपी. कुणी म्हणत नाही की हा बदलला, कपडे बदलत जातात. आणि त्याची मेहुणी मारी, ती पूर्ण जांभळी, कपडे जांभळे, घरातल्या वस्तू जांभळ्या, इतकी की हसू येतं आणि नंतर जरा भीतीही वाटते, कारण एवढा एकच रंग धरून बसणारं माणूस आतून घट्ट मिटलेलं असणार. मेक्सिकोतले सीन पिवळट तापलेले. हे सगळं कुणाच्या लहरीने झालेलं नाही, ही सिरीज निर्माण करणारा विन्स गिलिगन आणि त्याची टीम कुठल्या पात्राला कुठला रंग हे ठरवून चालायची.

आता व्हिव्हिड मोडमध्ये काय होतं? बेज रंगात निळा मिसळून तो राखाडी होतो, म्हणजे मास्तर भिंतीत विरघळायच्या ऐवजी आजारी दिसतो. जांभळा आणि निळा एकमेकांच्या इतके जवळ येतात की मारीचा रंग तिचा एकटीचा राहत नाही. आणि एक ऑटो कलर की एआय कलर म्हणून ऑप्शन आहे, तो तर कहर आहे, त्याला वाटतं चेहरा पिवळट दिसतोय म्हणजे चूक झाली, लगेच चेहरा गोरा-गुलाबी करून देतो. अरे बाबा, त्यांनी मुद्दाम पिवळं केलंय, तू कोण सुधारणारा? तो ऑप्शन आधी बंद करा.

दुसऱ्या सीझनची सुरुवात ब्लॅक अँड व्हाइट आहे, घराचा स्विमिंग पूल, सगळं करडं, आणि पाण्यात एक गुलाबी टेडी, फक्त तेवढाच रंगीत. काय झालंय ते सांगत नाही, पण अख्खा सीझन तो गुलाबी ठिपका डोक्यात राहतो. कलर टेम्परेचर तपासायला याच्यापेक्षा सोपी जागा नाही. ब्लॅक अँड व्हाइट सीन जर निळसर दिसत असेल तर तुमचा टीव्ही खोटं बोलतोय, कारण मग ते ब्लॅक अँड व्हाइट राहिलंच नाही, निळ्या रंगाचा सीन झाला आणि गुलाबी त्यात नुसता दुसरा रंग झाला. करडा खरा करडा असेल तरच तो टेडी टोचतो. याच लोकांची पुढची सिरीज 'बेटर कॉल सॉल', तिच्या शेवटच्या भागात ब्लॅक अँड व्हाइट सीनमध्ये फक्त लायटरची ज्योत आणि सिगरेटचं टोक रंगीत आहे. ती एवढीशी ज्योत या टीव्हीवर फिल्ममेकर मोडमध्ये अशी काही दिसली की मी रिमोट खाली ठेवला. व्हिव्हिडमध्ये परत लावून बघितली तर ज्योतीभोवती पांढरी कड येत होती, शार्पनेसमुळे. शार्पनेस म्हणजे जास्त बारकावे हा गैरसमज काढून टाका, टीव्ही फक्त कडांना पांढरी रेघ मारतो, नवीन काही दिसत नाही. माझ्या टीव्हीत तो शून्यावर ठेवलाय, तुमच्यात कुठला आकडा न्यूट्रल आहे ते बघून घ्या, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

अंधार. इथे टीव्हीला अर्धा स्टार कमी. व्हीए पॅनल आयपीएस नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलपेक्षा काळा रंग खूप चांगला दाखवतं, कॉन्ट्रास्ट तीन-चार पट तरी जास्त असतो, म्हणून मी हेच घेतलं. पण यात लोकल डिमिंग नाही, म्हणजे मागचा दिवा सगळा एकत्र कमी-जास्त होतो, त्यामुळे खोलीत पूर्ण अंधार केला की वरखालच्या काळ्या पट्ट्या करड्या चमकतात. आणि अंधारात गोष्ट सांगणं आता फार वाढलंय. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा एप्रिल २०१९ मधला तो लढाईचा भाग आठवतो ना, ८२ मिनिटं आणि जगभर लोक ओरडत होते की काही दिसत नाही. त्याचा कॅमेरामन फॅबियन वॅगनर म्हणाला होता की दिसेल असंच शूट केलंय, लोकांना टीव्ही नीट लावता येत नाहीत. मला त्याचं निम्मं पटतं. काही दिसत नाही असा अंधार हा गोष्टीतल्या माणसांच्या भीतीचाच भाग होता हे खरं, पण इंटरनेटवरून येताना तोच भाग इतका दाबला जातो की काळ्या रंगाच्या पायऱ्या पायऱ्या पडतात, त्याला आपण बिचारे प्रेक्षक काय करणार. नेटफ्लिक्सवाले ४के साठी १५ एमबीपीएस स्पीड सांगतात, तेवढा नसेल तर आधी वायफायचं बघा, मग टीव्हीला शिव्या द्या.

आपल्या घरांमध्ये अजून एक व्हिलन असतो, ट्यूबलाइट. टीव्हीच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर. आमच्याकडे तर सासूबाईंना ती बंद चालतच नाही, तिन्हीसांजेला अंधारात बसू नये. मग मधला मार्ग काढला, समोरची बंद आणि टीव्हीच्या मागे भिंतीवर एक छोटा दिवा. त्याने घरात अंधारही राहत नाही, स्क्रीनवर काही चमकतही नाही आणि काळा रंग जास्त काळा वाटतो. 'पंचायत'मध्ये रात्री वीज गेलेली असते ते सीन आता पूर्ण दिसतात, चेहऱ्याची एक बाजू उजेडात आणि मागे खोली असल्याची नुसती जाणीव. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट मात्र बंदच ठेवायचा. सिरीजमध्ये दिवा गेला की हा टीव्ही स्वतः ब्राइटनेस वाढवतो! म्हणजे दिग्दर्शकाने दिवा घालवला आणि टीव्हीने परत लावला.

आता सगळ्यात मोठा शत्रू, मोशन स्मूदिंग. प्रत्येक कंपनीने याला वेगळं गोंडस नाव दिलंय म्हणून सापडत नाही, मेनूत मोशन असा शब्द दिसला की समजायचं. होतं काय, सिनेमा आणि बहुतेक चांगल्या सिरीज सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतात, आणि टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने फ्रेम बनवून घुसडतो, हालचाल तुपासारखी गुळगुळीत होते. याला सोप ऑपेरा इफेक्ट म्हणतात कारण अमेरिकेतल्या दुपारच्या रडक्या मालिका व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट व्हायच्या, सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचं, आपल्याकडे दूरदर्शनच्या पद्धतीत ५० वेळा. बातम्या, मॅच, स्टुडिओतली सिरीयल हे सगळं तसंच दिसायचं, म्हणून आपल्या डोळ्यांना सवय आहे, गुळगुळीत म्हणजे आत्ता इथे घडतंय, स्वस्तात शूट केलंय, आणि जरा अडखळती हालचाल म्हणजे गोष्ट सांगतायत. ते एकदा उलटं झालं की लाखो डॉलर खर्चून बनवलेली सिरीज गल्लीतल्या लग्नाच्या व्हिडिओसारखी दिसते, सेट सेट वाटतो, विग विग वाटतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीला बाजूला उभं करून खास व्हिडिओ टाकला होता, की बाबांनो हे बंद करा. तेव्हा मला वाटलं होतं यांना काय पडलंय, आता कळतंय.

फक्त एक लक्षात ठेवा, हे पॅनल ६० हर्ट्झचं आहे आणि २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा असं चालतं आणि कॅमेरा हळू आडवा फिरला की बारीक झटके दिसतात. १२० हर्ट्झवाल्या पॅनलवर हे होत नाही पण त्याला अजून बरेच पैसे टाकावे लागतात. मला झटके चालतात, गुळगुळीत चालत नाही. नवऱ्याला मॅचसाठी स्मूदिंग हवं होतं, तर यात एक फार चांगली सोय आहे, प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं राहतं. सेट टॉप बॉक्सवर त्याचं, ॲप्सवर माझं. आमचा संसार वाचला त्यामुळे.

सासूबाईंची बाजू आता. दृश्यांचा अर्थ लावणं वगैरे शब्द मी वापरते, त्या वापरत नाहीत, पण माझ्यापेक्षा पक्क्या आहेत. सिरीयलमध्ये नवीन सून आली आणि पहिल्याच शॉटला म्हणाल्या, "ही काही सरळ नाही ग, टिकली लिपस्टिकला मॅच केलीये बघ." मंगळसूत्र लांब का आखूड, ब्लाउजची बाही कुठवर, डोळ्यांतलं काजळ बाहेर किती ओढलंय, केस मोकळे कधी सोडले, यावरून त्या पुढच्या महिनाभराची स्टोरी सांगतात आणि फारशी चुकत नाही. डेली सिरीयल लिहिणाऱ्यांनाही माहितीये की बायका पोळ्या लाटता लाटता बघतात, त्यामुळे सगळ्या खुणा मोठ्या अक्षरात असतात, आणि तरी कुणाचं लक्ष नसेल म्हणून तोच धक्का बसलेला चेहरा तीन बाजूंनी झूम करून दाखवतात. सगळीकडे सारखा पांढरा उजेड असतो तोही उगाच नाही, दोन-तीन कॅमेरे एकदम लावून रोजचा भाग रोज उरकायचा असतो, प्रत्येक शॉटला दिवे हलवत बसायला वेळ कुठे. मी आधी या सिरीयलींना नावं ठेवायचे, अजूनही ठेवते, पण भाषा आहे ती एक, हे मान्य.

या टीव्हीवर सासूबाईंना नवीनच खाद्य मिळालं. एचडी चॅनल घेतलं, नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारं सेटिंग, बंद केलं (ते चालू असलं की सगळ्यांचे चेहरे मेणाचे होतात, रघुवीर यादवांच्या सुरकुत्यांसारखी सुंदर गोष्ट पुसून टाकतं, पाप लागेल) आणि पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं हे मंगळसूत्र तर एक ग्रॅमवालं आहे, आणि म्हणे घराणं खानदानी!" खिडकीबाहेरचं आकाश छापील फ्लेक्स आहे, तुळस प्लास्टिकची आहे, कढईला खालून काजळी नाही, आत तेलाचा डाग नाही, सगळं दिसायला लागलं. आता यात एक फरक करावा लागतो. वॉल्टर व्हाइटचा बेज शर्ट कुणीतरी ठरवून घातलाय, त्यातून अर्थ काढला तर निघतो. त्या प्लास्टिकच्या तुळशीतून अर्थ काढायला गेलात तर एवढंच निघेल की प्रॉडक्शनला खरी तुळस रोज पाणी घालून जगवणं परवडत नव्हतं. टीव्ही दोन्ही सारखंच दाखवतो, निवडायचं आपल्याला असतं. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "दिसलं ना? मग झालं."

जुन्या मालिका बघणाऱ्यांसाठी स्क्रीनच्या आकाराचं सांगते, कारण इथे फॅक्टरी सेटिंग चक्क चुकीचं आहे. जुनं सगळं ४:३ चौकटीत आहे, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. २०२० च्या लॉकडाउनमध्ये २८ मार्चपासून 'रामायण' परत लागलं तेव्हा आमच्या जुन्या टीव्हीवर ते ताणून दिसायचं, सगळे देव रुंद. या नव्यावर पण बॉक्सवरून जुनं काही लावलं की तो आपोआप ताणतो, ३३ टक्के आडवं, झूम केलं तर वरून मुकुट कापला जातो. ४:३ ची चौकट कमी रुंद असते, तिच्यात सिंहासन मधोमध, दोन्ही बाजूंना माणसं, वर छत, अशी मांडणी करायचे, दरबार कसा भरलेला वाटतो त्यात. ताणलं की राजा आणि हुजऱ्या दोघं सारखेच पसरतात. ओरिजिनल ठेवा, दोन बाजूंना काळं राहिलं तर राहू दे, पैसे वाया जात नाहीत त्याने. आणि ओव्हरस्कॅन बंद करा, जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते चालू असलं की चारही कडांनी चित्र थोडं कापून मोठं करून दाखवतात, ट्यूबवाल्या टीव्हीच्या जमान्यातली खोड आहे, ४के टीव्हीत कशाला ठेवलीये देव जाणे. दारात अर्धवट उभी राहून ऐकणारी बाई नेमकी कडेलाच असते!

बाकी किरकोळ. आवाज पातळ आहे, डायलॉग कळतात पण पाऊस आणि गर्दी एकसारखीच ऐकू येते, साउंडबार घ्यावाच लागेल. होम स्क्रीनवर जाहिराती येतात, त्यातल्या काही बंद होतात, सगळ्या नाही. रिमोटला पिक्चर मोडचं वेगळं बटण नाही, दर वेळी मेनूत चार पायऱ्या उतरा. सुरू व्हायला वेळ लागतो. ॲम्बियंट सेन्सर म्हणून एक आहे, तो खोलीतला उजेड बघून ब्राइटनेस बदलतो, संध्याकाळी कुणी पडदा ओढला की चित्र बदलतं, तोही बंद केला.

घ्यायला जाल तेव्हा पेनड्राइव्हवर एखादा रात्रीचा सीन आणि एक ब्लॅक अँड व्हाइट काहीतरी घेऊन जा, दुकानवाल्याला सांगा आधी मूव्ही मोड लाव, मग हे लाव. कुरकुर करेल, करू दे. आणि वॉल ब्रॅकेट फ्री म्हणतात ते बिलावर लिहून घ्या, आम्हाला तोंडी फ्री होतं, लावायला आलेल्या मुलाने वेगळे पैसे मागितले.